चौथा टोचा

पटो न पटो, घडलंय हे. ज्याच्यावर बेतलं तो माणूस अजून हिंडतोफिरतो. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. मंगळवार, दुपारचे साडेतीन. जागा… नगर कार्यालयातली नकाशांची खोली.

तो तिथला नकाशे काढणारा. केसभर चूक खपत नसे, म्हणून सगळे त्याला मिलीमीटर म्हणत. घरी तो आणि थोरली ताई. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं.

दफनभूमीचा मूळ नकाशा जीर्ण झाला होता. त्याची नक्कल करायची होती.

नकाशा गाव वसलं त्या वर्षीचा. मधोमध सरळ वाट, दोन्हीकडे थडग्यांसाठी आखलेल्या जागांच्या रांगा, कोपऱ्यात विहीर. काढणारा पहिला मोजणीदार कामाचा इतका चोख, की आठ दिवसांत स्वतःच पहिल्या रांगेत पहिला नंबर लावून मोकळा झाला!

नक्कल करायची जुनी रीत सोपी. मूळ कागद कोऱ्या कागदावर ठेवायचा आणि खुणेखुणेवर सुई टोचायची. खाली ठिपका उमटतो.

त्याने पहिली मोकळी जागा टोचली.

…टक.

टेबलाखालून. दारावर बोट वाजवावं तसं.

वाकून पाहिलं. कुणी नाही.

दुसरी… टक. तिसरी… टक. चौथी… टक.

"लाकूड पोखरलंय, साहेब," शिपाईमामा म्हणाले. "माझ्यासारखंच."

त्याने काम थांबवलं.

बुधवारी साडेतीनला पाववाला गेला. "दार वाजलं म्हणून उठले," त्याची बायको सांगत होती. "बाहेर कुणीच नव्हतं. उंबऱ्यातच कोसळले."

गुरुवारी शिंपी. तसाच… दार उघडून.

मिलीमीटरने धावत कार्यालयात जाऊन तो कागद पहिल्यांदाच पालथा केला.

मागे गावाचा नकाशा होता. त्याच हाताचा, त्याच मापाचा. प्रत्येक घराच्या पाठीला, कागदाच्या दुसऱ्या बाजूला, एक थडगं.

पहिलं छिद्र पाववाल्याच्या घरात. दुसरं शिंप्याच्या. तिसरं न्हाव्याच्या.

चौथं…

त्याच्या स्वतःच्या घरात.

शुक्रवारी त्याने न्हाव्याला हात जोडले. न्हावी हसला. "गिऱ्हाइकाला दार उघडू नको म्हणता? मग खाऊ काय, वस्तरा?"

साडेतीनला त्यानेही दार उघडलं.

संध्याकाळी मिलीमीटरने चौथ्या छिद्रावर खळ लावून कागद चिकटवला. सकाळी तो तुकडा टेबलावर पडलेला. छिद्र तसंच.

"ताई, दोन दिवस कुठेतरी जाऊ."

"या गुडघ्यांनी? फाटकापर्यंत तरी पोहोचेन का?"

"मग आज दार उघडायचं नाही. कुणीही येवो."

"कुणाशी भांडून आलायस का रे?"

"माझी शपथ आहे."

"बरं बाबा, नाही उघडत."

तीन वाजता दोन्ही दारांना कडी लावून तो पुढच्या दाराला पाठ टेकून बसला. मनात एकच… न्यायचं तर मला ने.

साडेतीन.

…टक.

दार पाठीवर थरथरलं. तो हलला नाही.

मग सगळं शांत. इतकं शांत की स्वतःचा श्वासही ऐकू येईना.

आणि स्वयंपाकघरातल्या मागच्या दाराची कडी… सरकली.

"ताई!"

"अगं बाई, तू?" ताईचा आवाज आला. लाडाचा. "ये, ये. आत ये."

त्याला उठायचं होतं. पाय उचलेनात.

तो फरपटत पोहोचला तेव्हा दार सताड उघडं होतं. ताई उंबऱ्यात पडलेली. हात अजून गरम.

अंगणात कुणीच नव्हतं.

मिलीमीटर आजही त्याच घरात राहतो. स्वयंपाकघरात मात्र एकटा जात नाही. कुणी भेटलं की एकच विचारतो, "तिने आत कुणाला घेतलं हो?"

आपण काम आठवल्यासारखं करून निघतो. आणि त्याच्या घरी चहाला जायचं टाळतो.