विहिरीच्या मालकिणीचं लग्न

आसाराम दस्तलेखक चहाला गेले होते, म्हणूनच सत्यभामा शेजारच्या सुग्रीवच्या टेबलाशी येऊन बसली. पाटोद्याच्या कचेरीबाहेर माती तव्यासारखी तापली होती. तिने पदराने कपाळ टिपलं आणि एका दमात सांगून टाकलं.

"लग्नाआधीचा करार लिव्हायचाय. दोन एकर आन् विहीर माझ्याच नावावर राहील. पाणी आमच्या दूध संस्थेच्या जनावरांना मिळत राहील. नवरा आमच्या गावात राहायला येईल."

"नवऱ्याचं नाव?"

"मोकळं सोडा. जो कबूल हुईल त्याचं टाकू."

सुग्रीवचं पेन थांबलं. सात वर्षांत असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं, आणि असे डोळे तर... पण तो कामाला लागला.

सत्यभामा गावातल्या बायकांच्या दूध संस्थेची अध्यक्ष. वडिलांनी, बद्रीनाथांनी, शेत बक्षीसपत्राने तिच्या नावे केलेलं. त्या वर्षी गावचं सगळं पाणी आटलं, तिची विहीर तेवढी टिकली; संस्थेची बत्तीस जनावरं त्या विहिरीवरच जगत होती. आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तिला अचानक स्थळांवर स्थळं येऊ लागली. ती विहिरीला येतात हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

पहिला मुलगा कागद बघूनच पसार झाला. दुसरा घरजावई होणार नाही म्हणाला. दर वेळी ती नवी प्रत करून घ्यायला सुग्रीवकडेच यायची — आसाराम जागेवर असले तरी.

"तिसरं कलम वाचून पळाला," दुसऱ्याबद्दल ती म्हणाली.

"मग कलम काढू?"

"पळाला त्यो. कलम कावून काढायचं?"

तो हसला. तीही हसली, पण मान फिरवून...

एक गोष्ट सुग्रीवने पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. सांगितली तर ही परत येणार नाही, म्हणून तो मूग गिळून बसला होता.

तिसरा, मांजरसुंब्याचा सर्जेराव, तिच्यासोबत थेट सुग्रीवच्या टेबलाशीच आला. त्याने कागद वाचलाही नाही. "कुठं सही करू?" म्हणाला, आणि सोबत आणलेलं मुखत्यारपत्र तिच्यापुढे सरकवलं. "बाईमाणसानं कचेरीचे हेलपाटे कावून घालायचे? तुमी यावर सही करा. सारं मी बघतो."

सत्यभामाने सुग्रीवकडे पाहिलं. "करू ना? हरकत न्हाई ना?"

तिच्या नजरेतला विश्वास बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हरकत हाय," तो म्हणाला. "असल्या कराराला कोर्टात फारसा जोर नसतो, ह्ये यांना ठावं हाय. म्हणून न वाचता सही करायलेत. जमीन तुमच्या नावावर हाय, लग्नानं मालक बदलत न्हाई. पण मुखत्यारपत्र दिलं, तर ह्ये तुमच्या नावानं विहीर इकून मोकळे हुतील."

सर्जेराव तोंडाला येईल ते बडबडत निघून गेला. ती मात्र उठली नाही.

"जोर न्हाई, तर तीनदा कावून लिव्हला?"

"सांगितलं असतं तर... तुमी परत आल्या नसत्या."

ती ताडकन उठली आणि वळूनही न बघता चालू लागली.

पंधरा दिवस गेले. सुग्रीवला जेवण गोड लागेना. सोळाव्या दिवशी त्याने टेबल आसारामांच्या भरवशावर टाकलं आणि तिचं गाव गाठलं. ती विहिरीवर उभी होती, हौदाशी गाई पाणी पीत होत्या.

"कागद आणलाय?" तिने रोखून विचारलं.

"न्हाई. मी लबाडी केली, त्येची माफी मागायला आलतो. आन्... मला तुमी लई आवडता. विहीर नको."

"लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू द्या."

"तुमच्या आईचं काय? ती तिकडं एकटी राहील?"

"ईचारलंय. येते म्हणाली."

"माझ्या आधी तिला ईचारलं?" तिच्या ओठांवर आलेलं हसू तिला काही केल्या आवरेना. तिने गोठ्याकडे बोट दाखवलं. "बाबा तिकडं हायेत. आत्ता बोललात त्येच त्येंच्यापुढं बोला. आन् अडखळू नका."

सुग्रीव तीनदा अडखळला. चौथ्यांदा अडखळला, तेव्हा मागून आलेल्या सत्यभामानेच वाक्य पुरं केलं.