टेकडीवरची हजेरी

दगडावर अक्षरं कोरणं हा माझा धंदा. बाईच्या हातात छिन्नी शोभत नाही म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांतल्या कित्येकांची नावं पुढे मीच कोरली. त्यामुळे त्या दिवशी दफनभूमीत एकटीनं जायचं होतं, याचं मला काही वाटलं नव्हतं.

आमच्या खोऱ्यातले सगळे जुने पुढारी गावामागच्या टेकडीवर पुरलेले आहेत. मंत्री, प्रतिनिधी, एक-दोन नुसतेच पडलेले उमेदवार. जिवंतपणी एकमेकांचं तोंड न पाहणारे आता खांद्याला खांदा लावून झोपलेत. मधोमध खोऱ्याच्या सभागृहाच्या सभापतींचं थडगं. थडगं कसलं, दगडी खोलीच ती. आत चौथरा आणि चौथऱ्यावर त्यांची शवपेटी. मरायच्या कितीतरी आधी त्यांनी ती स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. मागच्यांवर भरवसा नसावा. आता त्यांचा पणतू नगराध्यक्ष झाला होता. पणजोबांचा सोहळा करायचा, तर पुसट झालेली सगळी नावं पुन्हा उठावदार करून दे, म्हणून त्यानं काम मला सांगितलं होतं.

निघताना सासूबाई दाराशी आल्या. "त्या सभापतीचं नाव जरा उथळच कोर हो."

बोलल्या हसून, पण डोळे हसत नव्हते. त्यांची आई ही आमच्या खोऱ्यानं निवडून दिलेली पहिली बाई. नदीचं पाणी खालच्या गावांनाही मिळावं, हा ठराव तिनं मांडला होता. सभापतींचा त्याला विरोध. मतदानाच्या दिवशी ती सभागृहात आलीच नाही आणि ठराव एका मतानं पडला. "बाई फितूर झाल्या, परमुलखात पळाल्या," असं सभापतींनी जाहीर केलं. सासूबाई तेव्हा पाळण्यात होत्या. शाळेत, बाजारात, स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांना लोक 'पळपुटीची पोर' म्हणाले. पुढे पाणी आलं, पण तो डाग धुवायला ते पुरलं नाही.

दुपार कलली तसं टेकडीवर धुकं उतरलं. आधी खालची घरं गेली, मग वाट, मग फाटकसुद्धा. माझ्या हातोडीचा आवाज तेवढा राहिला. तोही कापडात गुंडाळल्यासारखा.

कामात माझी एक जुनी खोड आहे. अक्षरं कोरून झाली की भुकटी झटकायची, नाव मोठ्यानं वाचायचं आणि थट्टेनं विचारायचं, "हजर?" कोणी ओ देत नाही, आणि ते बरंच असतं.

शेवटी सभापतींच्या खोलीत शिरले. आत विझलेल्या वातीचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. इतक्या वर्षांनी लोकर कुठून आली, असं मनात आलं. पण दिवा टेकवून मी भिंतीवरचं नाव कोरायला घेतलं. उथळ नाही कोरलं. धंद्याशी बेइमानी होत नाही माझ्याच्यानं. भुकटी झटकली, नाव वाचलं.

"हजर?"

शांतता. वरून एक थेंब पडला.

कोण जाणे काय सुचलं... मी सासूबाईंच्या आईचं नाव घेतलं. पूर्ण नाव, सभागृहात पुकारावं तसं. आणि विचारलं, "हजर?"

"हजर..."

आवाज माझ्या पायाखालून आला.

छिन्नी हातातच राहिली. मानेवरून कोणीतरी गार बोट फिरवावं तसं झालं. पळावं म्हटलं, तर पाय त्या फरशीला चिकटल्यासारखे. तरी शब्द बाहेर आले.

"बाई... कुठे आहात?"

टक्... टक्... चौथऱ्याच्या बुडाशी, फरशीच्या आतून. मी गुडघ्यावर बसले, हातोडीच्या दांड्यानं तिथे ठोकलं. भरीव दगडाचा आवाज मला झोपेतही कळतो. हा पोकळ होता. मी खडूनं फुली मारली, आणि मग मात्र दिवा तिथेच टाकून जी पळाले ती थेट घर गाठलं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. वेड लागलंय का, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातांवरची धूळ पदरानं पुसली.

"आवाज कसा होता गं?"

"तुमच्यासारखाच... पण तरुण."

त्या उठल्या आणि चपला पायात सरकवल्या. "चल. आधी खालच्या गावात जाऊ. ज्यांच्यासाठी ती उभी राहिली, त्यांनी बघायला पाहिजे."

सकाळी टेकडीवर ही गर्दी. खालच्या गावांतल्या बायका, त्यांच्या कडेवरची पोरं, फौजदार, आणि लालबुंद झालेला नगराध्यक्ष. "एका दगड कोरणाऱ्या बाईला भास झाला म्हणून मी पणजोबांचं थडगं फोडू? आणि खाली काही निघालं नाही तर?"

सासूबाई काठी टेकत त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "नाही निघालं, तर त्याच फरशीवर माझं नाव कोर. 'पळपुटीची पोर' म्हणून. अक्षरं कोरायला ही माझी सून आहेच."

फौजदारानं होकारार्थी मान हलवली.

फरशी उचलायची तर चौथऱ्यावरची पेटी हलवायला हवी होती. चार दणकट माणसांनी दम धरून जोर लावला आणि पेटी इतकी सहज वर आली की एकजण मागच्या मागे पडता पडता वाचला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण सगळ्यांचं लक्ष खाली होतं, म्हणून पेटी बाहेर नेऊन ठेवली गेली.

चौथरा निघाला, फरशी निघाली. खाली ती होती. हाडांभोवती लोकरीच्या शालीचे धागे, आणि छातीच्या जागी प्रतिनिधीचा पितळी बिल्ला. फौजदारानं तो पुसला आणि नाव वाचलं. कवटीची मागची बाजू फुटलेली होती. का, ते कोणाला विचारावं लागलं नाही.

सासूबाई खड्ड्याच्या काठाशी बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आई, आले गं मी."

त्यांच्या मागे बायका एकेक करून खाली बसत गेल्या.

टेकडीवर जिथे सगळ्यात उंच जागा, तिथे तिला पुरलं. त्या दिवशी अख्खं खोरं वर लोटलं होतं. नगराध्यक्षानं न सांगता पुढे होऊन खांदा दिला. त्याच्या जागी दुसरा असता तर आला नसता, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं. दगड मी कोरला, अक्षरं बोटभर खोल. पडदा निघाल्यावर फौजदारानं तिचं नाव पुकारलं, आणि साऱ्या टेकडीनं एका गळ्यानं ओ दिली, "हजर!" नदीपलीकडची पाखरं उडाली. सासूबाई अशा ताठ उभ्या होत्या, की काठी कोणाच्या हातात दिली होती ते त्यांना नंतर आठवेना.

इथपर्यंत ही गोष्ट मी कोणालाही सांगते. पुढचं सांगत नाही.

लोक उतरून गेल्यावर नगराध्यक्षानं मला बाजूला घेतलं. पेटी एवढी हलकी का, हे त्याला गप्प बसू देईना. दोघांनी मिळून माझ्या छिन्नीनं झाकण उघडलं. स्क्रू गंजून एकजीव झाले होते. त्यांना आजवर कोणाचा हात लागलेला नव्हता. आत सभापतींचा दरबारी कोट होता. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. आत कोणी नाही... हाड नाही, केस नाही.

पायांच्या जागी बूट होते. तळाला पिवळा चिखल. टेकडीवरची माती काळी आहे. पिवळी माती आमच्याकडे एकाच ठिकाणी सापडते, आमच्या घराच्या मागच्या दाराशी.

मी बोट लावलं. चिखल ओला होता.