हीच चूक अजून कुठे?

पिंपळे सौदागरच्या मोठ्या रस्त्यावर, चपलांच्या एका दुकानाच्या डोक्यावर ओंकारचं गेम बनवायचं ऑफिस होतं. माणसं नऊ, धड खुर्च्या सात, आणि खालून दिवसभर वर येणारा नव्या रबराचा वास. त्यांचा गेम एकच, 'शॉपफ्लोर'. कारखाना उभारायचा, मशिनं मांडायची, माणसं लावायची आणि माल वेळेत बाहेर काढायचा. आठ तास कंपनीत हेच करून आलेली माणसं बसमध्ये टेकताच मोबाइलवर पुन्हा हेच का खेळतात, हे ओंकारलाही कळलं नव्हतं. पण खेळत होती, आणि तक्रारी करत होती.

त्या तक्रारी वाचायचं काम विजयश्रीकडे होतं. 'गेम डिलीट करतोय, पुन्हा तोंड बघणार नाही' असं लिहिणारा पठ्ठ्या दोन तासांनी नवव्या लेव्हलवर घाम गाळताना सापडायचा. विजयश्रीने आधी सहा वर्षं चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये काढली होती. तिथला हिसका तिने इथेही दाखवला. नुसतं बोंबलायचं नाही, म्हणून तिने तक्रारीला चार रकान्यांचा फॉर्म केला. समस्या, कारण, उपाय, आणि शेवटचा रकाना, हीच चूक अजून कुठे?

चाकणला या चौथ्या रकान्यावाचून कागद पुढे सरकत नसे. एका मशिनचा नट ढिला सापडला की तसलं प्रत्येक मशीन बघून यायचं, असा नियम. पाळायचे थोडे. बाकीचे तिथे 'लागू नाही' लिहून मोकळे व्हायचे. विजयश्रीनेही कितीदा तसं लिहिलं होतं, खोटं कशाला सांगा.

गेममध्येही तो रकाना कुणी भरत नव्हतं. 'फर्स्टशिफ्ट' नावाच्या खेळाडूने जूनमध्ये तो पहिल्यांदा भरला.

समस्या: तिसऱ्या लेव्हलला क्रेनच्या हुकाला खटका नाही, साखळी निसटेल. कारण: चित्र घाईत काढलं. उपाय: चित्रात खटका दाखवा. हीच चूक अजून कुठे? लेव्हल सात आणि अकरा.

सातव्यात खरंच खटका नव्हता. अकरावी लेव्हल अजून बाहेर आलीच नव्हती. ती फक्त ओंकारच्या लॅपटॉपवर होती, अर्धवट.

"लीक झालंय राव कुठून तरी," ओंकार म्हणाला. "पण माणूस जाणता दिसतोय. कुणीतरी रिटायर्ड फोरमन असणार. सांभाळून ठेव त्याला."

विजयश्रीने सांभाळून ठेवलं. शिवी नाही, टोमणा नाही, चार ओळींत मुद्दा. तीनशे लोकांची आदळआपट वाचल्यावर असा एक भेटला की दिवस बरा जातो. त्या महिन्यात फर्स्टशिफ्टच्या सांगण्यावरून त्यांनी गेममध्ये चौदा दुरुस्त्या केल्या. प्रत्येक वेळी ती आभार लिहायची. उत्तर कधी आलं नाही.

जुलैत तक्रार आली ती मालाच्या लिफ्टची. दार मिटताना मध्ये माणूस असला तरी थांबत नाही. चौथ्या रकान्यात लिहिलं होतं, रहाटणी, तुमच्या सोसायटीची बी विंग.

तिने ते दोनदा वाचलं. आपण रहाटणीत राहतो हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, कुणीतरी गंमत करत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. तरी घरी गेल्यावर झाडू घेऊन ती बी विंगच्या लिफ्टसमोर उभी राहिली. दार मिटायला लागलं तशी तिने झाडू मध्ये धरला. दार थांबलं नाही. झाडूचा दांडा कडकन मोडला आणि लिफ्ट वर चालू लागली.

शेजारच्या सावित्रीबाई पाठीमागेच उभ्या होत्या. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "मी तर रोज हात घालून अडवते."

लिफ्ट दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली. सावित्रीबाईंनी तिला पुरणपोळ्या आणून दिल्या. खाताना विजयश्रीला वाटलं, या अर्ध्या तरी त्या फर्स्टशिफ्टच्या आहेत. भीती वाटायला हवी होती. तिला मात्र त्या माणसाचे हात हातात घ्यावेसे वाटत होते.

ऑगस्टमधला तो शुक्रवार. गुरुवारची सुट्टी झाली की शिफ्ट बदलायची, म्हणून तिचा नवरा समाधान फर्स्ट शिफ्टला गेला होता. त्याच चाकणच्या कंपनीत तो पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस शॉपला होता. दोघांचं लग्न जमलं तेही तिथेच. सकाळचे अकरा वाजले होते. नवी आवृत्ती आल्यामुळे तक्रारींचा ढीग पडला होता, आणि विजयश्री प्रत्येकीच्या पहिल्या ओळीवर नुसती नजर टाकून 'पुढच्या वेळी' अशी खूण करत सुटली होती. फर्स्टशिफ्टची तक्रारही तिने नाव न बघता तशीच उडवली असती. तिचं बोट खुणेवर गेलंही होतं. पण नेट अडकलं, पान अर्ध्यावर थिजलं, आणि पडद्यावर राहिला तेवढा शेवटचा रकाना.

चाकण. प्रेस चार. आत्ता.

वर काय लिहिलंय ते बघायला तिने पान सरकवलं. समस्या: सेफ्टी ब्लॉक न लावता कामगार प्रेसमध्ये वाकतो, आणि गेम त्याला वेळ वाचवल्याचे गुण देतो.

प्रेसचा वरचा कित्येक टनांचा भाग, स्लाइड, खाली येऊ नये म्हणून मध्ये लोखंडी ठोकळा उभा करतात, तो हा ब्लॉक. लावायला दीड मिनिट लागतं. लाइन थांबलेली असली की दीड मिनिट फार असतं.

प्रेस चार समाधानची होती.

लाइनवर मोबाइल चालत नाहीत, ते लॉकरमध्ये. तिने सुपरवायझर ज्योतीरामला फोन लावला, त्याला मोबाइल जवळ ठेवायची मुभा होती. तो जुना सहकारी.

"बोला वैनी."

"भाऊ, प्रेस चारला ब्लॉक लावलाय का, बघा. आत्ता. फोन चालू ठेवा."

"कुणी सांगितलं तुमाला? तिथं पत्रा अडकलाय, समाधान काढतोय."

"पळा ना, भाऊ."

तो पळाला असावा. फोनमधून दुसऱ्या प्रेसांचे ठोके येत होते, एकसारखे. कुणाचा तरी बूट घसरला. मग ज्योतीरामचा आवाज, लांबून.

"आधी भाईर ये. भाईर ये म्हन्तो ना. ब्लॉक कुठंय?"

लोखंड ओढल्याचा आवाज झाला.

ओंकार दारात येऊन काहीतरी विचारत होता. तिला नुसते त्याचे ओठ दिसत होते.

मग फोनमध्ये एकच ठोका. बाकीच्या ठोक्यांत न बसणारा.

सगळं थांबलं.

"वैनी," ज्योतीराम धापा टाकत म्हणाला. "स्लाइड आली खाली. आपली आपन. ब्लॉकवर टेकली हाय."

"समाधान?"

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली.

"विजू," समाधानचा आवाज आला. "मी भायेरच हाव. रडायलीस कामून?"

ती रडत होती हे तिला तेव्हा कळलं. समोरच्या खुर्चीला, पंख्याला, अडकलेल्या नेटलासुद्धा तिने मनातल्या मनात हात जोडले.

मग तिने फर्स्टशिफ्टला लिहिलं. इतकं लांब आभाराचं पत्र तिने आयुष्यात कुणाला लिहिलं नव्हतं. माझा माणूस तुमच्यामुळे घरी येणार आहे, असं लिहिलं. तुम्ही कोण, कुठे राहता, एकदा घरी जेवायला या, असंही लिहिलं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी आली. चारला समाधान आला. त्याच्या उजव्या हाताची पाचही बोटं तिने एकेक करून दाबून बघितली, तेव्हा तो हसला आणि आंघोळीला गेला. बादलीत पाणी पडायला लागलं. त्या आवाजानेसुद्धा तिला भरून आलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. फर्स्टशिफ्टचं उत्तर आलं होतं, त्याच फॉर्ममध्ये.

समस्या: माझ्याकडेही हीच तक्रार आली होती.

कारण: नेट अडकलं नाही, 'पुढच्या वेळी' अशी खूण होऊन गेली.

उपाय: आज त्याला वांग्याचं भरीत कर. सकाळी निघताना मागितलं होतं, मी 'बघू' म्हणाले होते.

विजयश्री सावकाश खाली बसली. समाधानने भरीत मागितलं तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि स्वयंपाकघरात दोघांशिवाय कुणी नव्हतं. ती 'बघू'च म्हणाली होती.

बाथरूममधून त्याने टॉवेल मागितला. तिने उठून, हात लांब करून तो दिला, त्याची ओली बोटं तिच्या बोटांना लागली, आणि मग तिने शेवटचा रकाना वाचला.

हीच चूक अजून कुठे? पुष्कळ ठिकाणी. निघते मी.