तिसरी अट

बाबांची शेवटची साधी दुपार तिसऱ्या अटीवर अडून बसली होती.

बाबा गणिताचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या पुस्तकाची मुद्रितं घेऊन छापखान्यातला मुद्रितशोधक वर्षभर दर गुरुवारी यायचा. पहिल्याच दिवशी तो भलत्याच कुणाची पानं घेऊन आला होता. दार बाबांच्या मुलीने उघडलं होतं आणि दोघांनाही हसू आवरलं नव्हतं. दिसेल तिथे स्वल्पविराम घालतो, म्हणून बाबांनी त्याचं नावच ‘स्वल्पविराम’ ठेवलं होतं.

“सर, बिंदूंची हालचाल गोंधळाची, म्हणजे ‘केऑटिक’, कधी म्हणायची, त्याच्या तीन अटी दिल्यात तुम्ही,” तो म्हणाला. “कुठूनही कुठेही पोचता यावं. प्रत्येक बिंदूच्या शेजारी, फिरून आपल्याच जागी परतणारा एखादा बिंदू असावा. आणि कितीही जवळून निघालं, तरी पुढे फारकत व्हावी. पण खाली तुम्हीच सिद्ध केलंय, पहिल्या दोन असल्या की तिसरी येतेच. मग ती ठेवू, की काढू?”

“अरे, तू आपले स्वल्पविराम सांभाळ की!” बाबा हसले. “उद्या फोन करून सांगतो.”

ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली.

“एका पानाला इतका वेळ?”

“पान संपलं, तर यायचं कशाला...” तो चपला घालत पुटपुटला.

ती नुसती हसली. न सांगताही कळतंच की!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी तो आला. भेटायला येणाऱ्यांचे कप विसळून विसळून ती पार थकली होती. केस विंचरायचंही त्राण नव्हतं. त्याने शेवटचं पान पुढे ठेवलं. समासात त्याचंच प्रश्नचिन्ह.

“आता तुम्हीच सांगा. ठेवू, की... काढू?”

“काढली तर बिघडेल काही?”

“गणिताचं काहीच नाही.” त्याने पेनचं टोपण काढलं. “पुस्तक उद्या छपाईला जाईल. मग माझं इकडे काम उरणार नाही.”

तिने पान जवळ ओढलं. बाबांवर आपला किती जीव आहे, हे तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. रोजची औषधं, हरवलेले चष्मे, त्यांचं गिचमिड अक्षर लावून देणं... त्यातून ते सिद्धच होतं, म्हणून राहून गेलं.

“ठेवा,” ती म्हणाली. “आपोआप येत असली, तरी लिहा.”

“वाचणारे म्हणतील, जादा आहे.”

“म्हणू देत.”

त्याने प्रश्नचिन्ह खोडलं, पिशवी खांद्याला अडकवली. दारापाशी नेहमीसारखा चपलांत वेळ काढला.

“ऐका...” तिचा आवाज दमलेला होता, पण कापला नाही. “मला तुम्ही आवडता. कळलं असेलच तुम्हाला—तरी सांगतेय.”