या हं एकदा घरी

हसू नका, पण आपल्या लोकांची जीभच वाईट. जायला उठलेल्या माणसाला ‘या हं एकदा घरी’ म्हटल्याशिवाय तिला चैन पडत नाही. माझा घात तिनंच केला.

लंडनमधल्या स्टॅनमोरहून मी लीड्सला गेले होते, पणजीचं थडगं शोधायला. पणजोबा तिथे डॉक्टरी शिकत होते. लीलावतीपणजी बाळंतपणात तिकडेच वारली, मग ते तान्ह्या मुलाला घेऊन पुण्याला परतले आणि दुसरं लग्न केलं, असं घरात सांगतात. ते तान्हं बाळ म्हणजे माझे आजोबा. मला मेलं वंशावळीचं भारी वेड! दिवसभर चिखल तुडवला, पणजी काही सापडली नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये समोर एक म्हातारी येऊन बसली. नऊवारी, अंगावर करडं ब्लँकेट. फिनेलचा उग्र वास आला.

“लीलावती मेली नव्हती,” ती एकदम म्हणाली. “बाळंतवेड लागलं तिला. नवऱ्यानं वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि मूल उचलून नेलं.”

“तुम्हाला... कसं माहीत?”

“दूध माझं आटलं, मला माहीत नसेल?”

खिडकीबाहेर ओली शेतं पळत होती. डब्यात कुणी मान वर करून बघेना.

“तुला मूल आहे?”

“मुलगी... चार वर्षांची.”

“बरं झालं.”

ती उठली. गाडी भरधाव, आणि ही दाराकडे निघाली! तिला अडवायचं सोडून माझ्या तोंडातून निघालं काय, तर, “या हं एकदा घरी.”

“येते की,” ती म्हणाली. मी दारापर्यंत धावले. तिथे कुणीच नव्हतं.

मी नवऱ्याला फोन लावला.

“अगं उल्का, तुझ्या कुणी आजी आल्यात,” समर म्हणाला. “तू बोलावलंस म्हणे. मायराला मांडीवर घेऊन बसल्यात.”

“समर, आधी मायराला घे! घे तिला!”

“ओरडतेस काय? हे बघ, घेतली... अरे, आजी कुठे गेल्या?”

घरी पोचले तेव्हा मायरा सोफ्यावर सुखरूप होती. मी तिला कवटाळून रडले. तिनं अंग चोरलं. मला मम्मी म्हणणारी, ‘पाणी’ आणि ‘नको’पलीकडे मराठी न येणारी माझी पोर. माझे हात बाजूला सारून तिनं परक्या बाईकडे बघावं तसे डोळे रोखले.

“अहो,” ती स्वच्छ म्हणाली, “माझ्या आईला कुठे टाकून आलात?”