मागच्या दाराची किल्ली

"कोणाले सांगू नोको वं," लीलाबाईंनी लेकीचं मनगट घट्ट धरलं. "पण म्या माह्या कानानं आयकलं. सुजीत माफी मागत होता."

संघप्रियानं दार लोटून घेतलं.

"कोणाची माफी, आई?"

"मले काय ठावं? म्या गॅलरीत धावली तर खाली धूरच धूर. बंद दाराआडून त्याचा आवाज ये. माफी, माफी, माफी. गल्लीतला तो दुकानवाला अरबीत काहीतरी वरडून राह्यला होता. मंग म्या जिन्यानं खाली पयाली."

लीलाबाई नुकत्याच अकोल्याहून आखातात मुलांकडे आल्या होत्या. जिदहफ्समधल्या त्या इमारतीत वर ही तिघं राहायची आणि तळमजल्यावर गणवेश शिवायचा कारखाना होता. संघप्रियाचा भाऊ सुजीत तिथली शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. परवा दुपारी इस्त्रीच्या टेबलाजवळ वायर पेटली, आगीनं पुढची वाट अडवली आणि मागच्या दाराला कुलूप निघालं. दार तुटेपर्यंत उशीर झाला. बाकीच्या शिवणाऱ्या बायका वाचल्या, त्यांच्यातल्या नुसरतचा मात्र आतच जीव गेला. सुजीत सलमानियाच्या इस्पितळात बेशुद्ध होता, घशात नळी आणि खोलीबाहेर पोलीस.

संध्याकाळी तपास अधिकारी नसीबा घरी आली. इंग्रजीत मऊ बोलायची, पण डोळे कशावरून हलत नव्हते.

"मागच्या दाराची किल्ली कुठे असायची?"

"दाराशेजारी खिळ्यावर. सुजीतच सांगायचा."

"मॅनेजर म्हणतात, ती सुजीतकडेच असायची. आणि त्याच्याच हत्यारांच्या पेटीत सापडली."

तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. पेटी सताड उघडी. पक्कड, पाने, तेलाची डबी, सगळं काजळीनं काळंकुट्ट. त्यावर पिवळीधमक पितळी किल्ली.

"यात हातोडा दिसत नाही," संघप्रिया म्हणाली.

"तो दाराजवळ पडला होता. दार मात्र अग्निशमनवाल्यांनी तोडलं, असं मॅनेजरनी सांगितलं. आम्ही विचारतोय त्यांना." नसीबा उठली. "सकाळी तुमच्या आईचा जबाब घेऊ."

सकाळी जबाब झाला. लीलाबाईंना खोटं बोलता येईना. दुभाष्यानं त्यांचं वाक्य टिपून घेतलं, मुलगा क्षमा मागत होता. झालं! सुजीत शुद्धीवर आला की थेट कोठडीत जाणार, हे सांगायला आता वकील नको होता.

संघप्रिया घाबरली होती. पण तिला खरी भीती वेगळीच वाटत होती. क्षणभर तिलाही वाटून गेलं होतं की सुजीतचंच काहीतरी चुकलं असेल. सख्ख्या भावाबद्दल असं मनात यावं, याचीच तिला धडकी भरली.

ती अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळेत इतिहास शिकवायची. न्यूयॉर्कच्या ब्लाउज शिवायच्या कारखान्याची आग तिनं गेल्याच आठवड्यात वर्गात घेतली होती. बाबासाहेब त्या शहरात शिकायला गेले, त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तिथंही दार बंद होतं आणि आत शिवणाऱ्या पोरी होत्या. तेव्हा तिनं मुलांना एक प्रश्न घातला होता: कुलूप कोणी लावलं ते नंतर बघू, आधी सांगा, कशासाठी लावलं?

आता तोच प्रश्न तिनं स्वतःला घातला, आणि टॅक्सी करून शहराबाहेरचं अस्कर गाठलं.

मॅनेजर शिरीषनं उरलेली मशिनं तिथल्या एका शेडमध्ये हलवली होती. नुसरतला जाऊन तीन दिवस होत नाहीत, तोच अर्धवट ऑर्डर पुन्हा शिवायला घेतली होती! संघप्रियानं बाहेरूनच नसीबाला लोकेशन पाठवलं. उत्तर आलं नाही. जीव मुठीत धरून ती आत शिरली.

सत्यवती कोपऱ्यातल्या मशीनवर होती. सुजीतच्या तोंडून तिचं नाव नेहमी यायचं. संघप्रियाला पाहून तिचा चेहरा उतरला.

"मैडम, आप जाओ. मैनेजर देखेगा तो मेरा वीज़ा खलास."

"सिर्फ़ एक बात. आपके बैग चेक होते हैं?"

"हाँ. कपड़ा चोरी हुआ, तब से. सब आगे से जाओ, बैग खोलो. मैं बोली, गर्मी है, पीछे का दरवाज़ा खोलो. बोला, चाबी मफी."

संघप्रिया जागीच थिजली.

"और... दरवाज़ा किसने तोड़ा?"

सत्यवतीनं मान खाली घातली. "सुजीत भाई ने. हथौड़ा मारके. हमको निकाला, फिर नुसरत के लिए अंदर गया."

मागे शटर खडखडत खाली आलं.

"ताई, तुम्ही इकडे कुठे?" शिरीष उभा होता. पुण्याचा माणूस, आवाजात अगदी साखर. "बायकांना कशाला त्रास? चला, मी घरी सोडतो."

मशिनं एकेक करून थांबली. शेडमध्ये अंधारून आलं. संघप्रियानं मागच्या दाराकडे पाहिलं. त्याला कुलूप होतं.

"मी येणार नाही," ती म्हणाली. आवाज तिलाच ओळखू आला नाही.

शिरीष एक पाऊल पुढे आला. सत्यवती उठून दोघांच्या मध्ये उभी राहिली. ती हलली नाही.

तेवढ्यात शटरवर थापा पडल्या. नसीबाचा आवाज आला. "उघडा!"

शिरीषला उघडावं लागलं. संघप्रियानं मागच्या कुलपाकडे बोट केलं. "आता हेही उघडायला सांगा."

शिरीषनं खिशातून स्वतःचा किल्ल्यांचा जुडगा काढला. सगळ्या बायका बघत होत्या.

"बघा, किल्ली कुठे असते ते," संघप्रिया म्हणाली. "चोरीनंतर यांना बायका एकाच दारानं बाहेर जायला हव्या होत्या, पिशव्या तपासायला. म्हणून खिळ्यावरची किल्ली यांनी खिशात घातली. आग लागली तेव्हा सुजीतनं पेटी उघडून हातोडा काढला. किल्ली पेटीत असती, तर त्यानं दार फोडलं असतं का?"

"असेल, पण घाईत दिसली नसेल," नसीबा म्हणाली.

"पेटी धुरात उघडीच राहिली. सगळी हत्यारं काळी पडली आणि वरची किल्ली तेवढी पिवळीधमक? ती आग विझल्यावर ठेवली. पेटी कोणाला सापडली?"

"यांनाच," नसीबा म्हणाली. "आमच्या माणसाला जागा दाखवताना." ती थांबली. "पण तुमच्या आई? तो क्षमा मागत होता, म्हणाल्या."

"माझी आई इथं नवीन आहे. मराठीत माफी म्हणजे क्षमा. सुजीत तर गल्लीतल्या अरब दुकानदाराला उत्तर देत होता. तो ओरडत असणार, दार उघडा. आणि सुजीत काय म्हणत होता?"

नसीबाचा चेहरा बदलला. अरबी तर तिची मातृभाषाच.

"मफी," ती हळूच म्हणाली. "नाहीये. किल्ली नाहीये."

"आग मी लावली का?" शिरीष ओरडला. "कापड चोरीला जात होतं हो!"

"न्यूयॉर्कच्या मालकांनीही लावली नव्हती. दार बंद असल्याचं त्यांना माहीत होतं हे कोर्टात ठरेना, म्हणून सुटले. दोन वर्षांनी त्यातल्या एकानं दुसऱ्या कारखान्याच्या दाराला पुन्हा साखळी घातली. वीस डॉलर दंड झाला." संघप्रियाचे डोळे भरून आले. "तुम्हीही पुन्हा कुलूप घालाल का, एवढंच बघायला मी आले होते."

नसीबानं जुडगा काढून घेतला आणि त्याला गाडीत बसवलं. मागचं दार सत्यवतीनं उघडलं.

सुजीतच्या घशातली नळी निघाली, तेव्हा खोलीबाहेर पोलीस नव्हता. लीलाबाईंनी त्याचे पाय धरले.

"माफ कर रे बाप्पा मले."

कशाबद्दल, ते त्याला कळलं नाही. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मफी मुश्किल, आई."

लीलाबाईंनी लेकीकडे पाहिलं. "काही हरकत नाही म्हणते ना हा?" संघप्रियानं मान हलवली. दोघींना हसूही आलं आणि रडूही.

मग सुजीतनं विचारलं, "नुसरत दीदी?"

लीलाबाईंना आता 'मफी' हा शब्द येत होता, पण तोंडातून निघेना. त्या नुसत्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.