पलीकडून दोन ठोके

ही गोष्ट आम्हाला सासऱ्यांनी सांगितली, हाज बदावींनी. लाइट गेली होती, सगळे गच्चीवर चटया टाकून बसलो होतो. बाबांनी तीस वर्षं इथल्या गोदीत बोटींचा रंग काढलाय, त्यामुळे त्यांना कुणी खोटं म्हणत नाही.

कोपऱ्यावरचा जाडा मेतवल्ली आहे ना, त्याच्यावर हे आलं. गेल्या वर्षीचा ऑगस्ट, तिसरा बुधवार. एका मासेमारी बोटीच्या पाण्याच्या टाकीतला जुना रंग काढायचा होता. इथे ऑगस्ट म्हणजे ऐन उन्हाळा, दिवसा टाकी भट्टीसारखी तापते, म्हणून आत उतरायचं ते रात्रीच.

मेतवल्लीने धाकट्या भावाला, सबरीला, बोलावलं. सबरीची आठ महिन्यांची पोरगी दोन दिवस तापाने फणफणत होती, दूध घेत नव्हती. तो यायला तयार नव्हता.

"दोन तासांचं काम आहे रे. टाकीच्या त्या तोंडातून मी जातो का, सांग."

"वहिनीच्या हातचा भात तुझ्या पोटात, आणि टाकीत मात्र मी," सबरी म्हणाला. पण आला.

रंग सोडवायच्या औषधाची वाफ जड असते, खाली साचते. माणसाला गुंगी येते आणि त्याला कळतही नाही. म्हणून एक जण खाली खरवडतो, दुसरा वर तोंडाशी बसतो. खालच्याच्या तोंडावर मास्क, बोलता येत नाही. वरच्याने पान्याने दोन ठोके द्यायचे, खालच्याने दोन परत द्यायचे. परत आले नाहीत की बाहेर ओढायचं.

सबरी अकरा वाजून दहा मिनिटांनी उतरला. मेतवल्लीने ठोकलं. दोन ठोके परत आले. त्याने चहा ओतला. थोड्या वेळाने पुन्हा ठोकलं. दोन परत आले. असं चार-पाच वेळा.

पावणेबाराला वर ठेवलेला सबरीचा फोन वाजला. त्याची बायको, नगला. "दादा, त्यांना सांगा, ताप उतरला. आत्ता दूध प्यायली."

मेतवल्ली तोंडात वाकून ओरडला, "सबरी, पोरीचा ताप उतरला रे. दूध प्यायली."

खालून दोन ठोके.

"अरे, ऐकलंस का?"

दोन ठोके.

बाबा इथवर आले तेव्हा माझ्या मांडीवर बाळ झोपलेलं होतं, मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तूच सांग. दोन दिवसांनी पोर दूध प्यायली. बाप मास्क काढून एक शब्द बोलणार नाही?"

मेतवल्लीलाही तेच वाटलं. त्याने खाली नीट पाहिलं. बॅटरीचा उजेड एकाच जागी पडलेला. हलत नव्हता.

"सबरी..."

दोन ठोके. आणि फोन आल्यापासून मेतवल्लीने पान्याला हातही लावला नव्हता.

त्याने शेजारच्या बोटीवरच्या राखणदाराला हाक मारली, दोर बांधला, श्वास कोंडला आणि त्या तोंडात अंग घातलं. सदरा फाटला. बरगडीची साल निघाली. उतरला.

सबरी भिंतीला टेकून बसलेला. मान खाली. मास्क गळ्यात. दोन्ही हात उघडे, मांडीवर. खरवडणी लांब पडलेली.

मेतवल्लीने त्याच्या काखेतून दोर घातला. गाठ मारताना त्याचा कान भिंतीजवळ आला.

ठक... ठक.

भिंतीच्या पलीकडून.

त्याने गाठ आवळली. दोर हलवला. वरून राखणदाराने ओढायला सुरुवात केली.

ठक... ठक.

सबरीच्या मागोमाग मेतवल्लीही वर आला.

"आणि सबरी?" मी विचारलं.

"वाचला. पहाटे डोळे उघडले. म्हणाला, दादा, मी एकदाच उत्तर दिलं. मग हातातलं पडलं, पुढचं काही आठवत नाही. पोरीचा निरोपही ऐकला नाही म्हणाला."

त्या भिंतीपलीकडे दुसरी टाकी आहे. मालकाने अकरा वर्षांपूर्वी बोट घेतली, तेव्हापासून तिचं झाकण वेल्डिंग करून बंद. सकाळी सगळ्यांसमोर ते गॅसने कापलं. बाबा तेव्हा तिथे होते. वारा जाऊ दिला, मग बॅटरी घेऊन वाकून पाहिलं.

आत कुणी नव्हतं. चारी बाजूंनी जुना हिरवा रंग, बोटभर जाड. फक्त सबरी जिथे टेकला होता, तिथेच, पलीकडच्या अंगाला, बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या जागेतला रंग काढलेला. खाली खपली नाही. एकसुद्धा.

"आपल्याकडची हवा तुम्हाला ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "खारी. उघडं पोलाद सकाळचं संध्याकाळपर्यंत तांबूस होतं."

त्यांनी बोटाने चटईवर हातभर जागा आखली.

"तिथलं पोलाद पांढरं होतं... चकचकीत."